गोऱ्ह्याला बसू द्यायचं नाही

आमचा कुत्रा पळायचा तेव्हा त्याचे मागचे दोन्ही पाय एकदमच उचलले जायचे. पुढून कुत्रा, मागून ससा. शेजारपाजारचे लोक ते बघायला फाटकाशी थांबायचे आणि मीही त्यांच्यात सामील होऊन हसायचे. एवढं मोठं धूड टुणटुणत येतंय म्हटल्यावर हसू येणारच. ते दुखणं होतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं कधी साधं कुईं केलं नव्हतं. मोठ्या जातीची कुत्री दुखणं गिळून टाकतात, हे मला पुढे कळलं.

जात ग्रेट डेन. मी ज्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते तिथल्या एका बाईंनी हौसेनं पिल्लू आणलं, मग त्यांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि हौस उतरली. मी ते घरी आणलं ते बाबांसाठी. आई गेल्यावर बाबा उमरेडजवळचं गाव सोडून माझ्याकडे शहरात, जरीपटक्याला राहायला आले होते. शेती भाऊ बघतो, त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकली. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजात गेले की बाबा पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. जन्मभर उजाडायच्या आत गोठ्यात जाणारा माणूस, आता उजाडल्यावर करायला काही नाही. ते बघून माझा जीव कासावीस व्हायचा, पण बोलून दाखवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

पिल्लू बदामी रंगाचं होतं. लांब टांगा, लोंबते कान, मोठाले ओले डोळे. बाबांनी त्याला पायापासून शेपटापर्यंत न्याहाळलं.

"कुत्रं म्हणून काय आणलं वं हे? हा तर गोऱ्हा आहे."

गोऱ्हा म्हणजे अजून जुवाला न जुंपलेला बैल. त्याचं कागदावरचं इंग्रजी नाव बाजूला पडलं आणि बाबांनी त्याला गोऱ्हा म्हणूनच वाढवायला घेतलं. या वयात हाडापेरानं भरला तरच पुढे कामाचा, असा त्यांचा हिशेब. दूध, अंडी, तूप लावलेली भाकरी. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, तेवढी दिली नाही, तीही जरीपटक्याच्या बाजारात सहज मिळाली असती तर दिली असती. कुत्रा खांबासारखा वाढत गेला, बाबा ओट्यावरून उठून कामाला लागले, आणि मला वाटलं, बरं केलं आपण हे.

वर्षाचा व्हायला आला होता. कूलर नुकताच लावला होता आणि त्याच्यासमोरची फरशी पाण्यानं ओली झाली होती. तो तिथं झोपला होता. मी फाटक वाजवलं तसा तो उठायला गेला, आणि मागचे पाय दोन बाजूंना फाकले. पुन्हा उठायला गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्नच केला नाही, पुढच्या पायांवर मान टेकली आणि माझ्याकडे बघत राहिला. बाबा स्वयंपाकघरातून आले आणि दारातच थांबले.

"बसला," ते म्हणाले.

शेतकऱ्याच्या घरात या शब्दाला काय अर्थ असतो ते मला ठाऊक आहे. गोठ्यात बैल बसला आणि उठेना, की आळीतली माणसं गोळा होतात. पोटाखालून लाकडाची बल्ली घालतात, हाश्शहुश्श करत उभा करतात. तो पुन्हा बसतो. पुन्हा उभा करतात. मग एक दिवस माणसं यायची बंद होतात आणि घरात त्या बैलाविषयी कुणी बोलत नाही. मला बाबांचा तो शब्द असा झोंबला की मी चप्पलही न काढता त्यांच्यावर ओरडले.

"बसला नाही! घसरला तो. फरशी ओली आहे, दिसत नाही का?"

मग मी पोत्यांच्या पायघड्या घातल्या, आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि तो उठला. उठला, पण मागचं धड थरथरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला ई-रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, चौथा म्हणाला, "बसवा जी, पण तोंड बाहेर ठेवा." डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढला आणि उजेडावर धरून आम्हाला दाखवला. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा वाटीत घट्ट बसायला हवा. आमच्या कुत्र्याच्या दोन्ही वाट्या बशीसारख्या उथळ होत्या आणि गोळे त्यातून निसटायला बघत होते. काही अंशी हे जन्माचंच असतं, त्या म्हणाल्या, पण वाढत्या वयात वजन जास्त झालं की त्या सांध्यांची वाट लागते.

"ऑपरेशन आहे. पण एवढ्या मोठ्या कुत्र्याला ते किती मानवेल, सांगता येत नाही. आधी आपण त्याशिवाय बघू. थंडीपर्यंत वेळ देते. वजन उतरवा, मागच्या मांड्यांत ताकद आणा. जिना नको, उडी नको, गुळगुळीत फरशी नको. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, काका."

"बरगड्या?" बाबा म्हणाले.

"हो. मोजता आल्या पाहिजेत."

"अन् नाही जमलं तं?"

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. "मग तो एक दिवस स्वतःहून उठणार नाही. आणि तुम्ही दोघं त्याला रोज उचलू शकणार नाही."

एवढं स्पष्ट बोलल्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. परतीच्या वाटेवर बाबा कुत्र्याच्या बरगड्या हातानं चाचपत होते. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं की याला बसू द्यायचा नाही. मी हट्टी आहे. लहानपणी मला घरात 'खुटा' म्हणायचे, जमिनीत ठोकलेला, हलणार नाही असा. त्याचा उपयोग करायची वेळ आली होती.

सीताबर्डीच्या बाजारातून जिममध्ये अंथरतात तशा काळ्या रबरी चटया आणल्या आणि घरभर टाकल्या. घराला टायरच्या दुकानाचा वास यायला लागला. ओट्याच्या पायऱ्या होत्या तिथं गवंड्याकडून उतार करून घेतला. गच्चीच्या जिन्याला फळी ठोकली. आईचं एक जुनं लुगडं दुमडून पट्टा केला, तो पोटाखालून घ्यायचा आणि उठताना मागच्या धडाला आधार द्यायचा. कोरडं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून द्यायला लागले. दूध, अंडी, तूप बंद. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे रस्त्यावर सकाळी आठलाच पाय भाजतात, म्हणून उजाडायच्या आत त्याला फिरवायला न्यायचं, तेही अगदी हळू. हळू चाललं की मागचे पाय एकामागून एक टाकावेच लागतात. जरा घाई झाली की पुन्हा ससा. वरातीत चालावं तसं मी चालायचे आणि तो दर खांबाशी मला ओढायचा. कॉलेजात खडू धरताना हात दुखायचा.

समोर राहणाऱ्या सिंधी काकूंना हे सगळं फार क्रूर वाटायचं. "क्या दीदी, बच्चे को भूखा मारोगी क्या?" त्या फाटकावरून विचारायच्या आणि पदराआडून बिस्किट काढायच्या. मी एकदा बिस्किट परत केलं, दोनदा परत केलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्या आवाजात परत केलं.

महिन्यानं डॉक्टरांकडे वजन करायला नेला. वाढलं होतं.

पुढच्या महिन्यात आणखी वाढलं.

मी स्वयंपाकघरातला काटा तपासला. प्रयोगशाळेतली वजनं आणून तपासला. काट्यात काही खोट नव्हती. मग माझा संशय काकूंवर गेला, मग कचऱ्याच्या गाडीवाल्यावर, मग सकाळी वाटेत लागणाऱ्या चहाच्या टपरीवर. मी सगळ्यांना तंबी देऊन आले. आमच्या गल्लीत मी त्या दिवसांत फारशी कुणाला आवडत नव्हते. कुत्रा तर अजून लुगड्याच्या पट्ट्याशिवाय उठत नव्हता, आणि मी घाबरायला लागले होते.

पाऊस लागल्यावर एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. मी दुपारी घरी आले तर बाबा ओट्यावर जेवत होते. ताट मांडीवर, शेजारी गोऱ्हा. एक घास बाबांच्या तोंडात, एक गोऱ्ह्याच्या. मला पाहून दोघंही दचकले नाहीत. लपवाछपवी नव्हतीच काही. बाबांनी पुढचा घास वरणात बुडवला, त्यावर तूप घेतलं आणि त्याच्यापुढे धरला.

तेव्हा माझं लक्ष बाबांच्या बंडीकडे गेलं. ती खांद्यावरून घसरत होती. मानेची हाडं वर आली होती. मी इतके दिवस कुत्र्याला तोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस अर्धा झाला होता. स्वतःच्या ताटातलं निम्मं जेवण ते त्याला देत होते.

"बाबा, त्याले खायले द्याचं नाही म्हटलं होतं न?"

"मी कुठं देतो? जेवण तूच देते, तोलून. हा तं माह्या ताटातला घास आहे."

"अन् घास काय पोटात जात नाही का?"

"जनावरासमोर आपण एकट्यानं जेवाचं?" ते म्हणाले. "असं आपल्या घरी कधी झालं नाही. दारातलं जनावर बारीक दिसलं तं लोक मालकाले नावं ठेवतात, जनावराले नाही. तुले काही वाटत नाही का वं, त्याच्या बरगड्या मोजाच्या म्हणते?"

खरं तर त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या घरात जेवणाआधी जनावराचा घास काढल्याशिवाय कुणी तोंडात काही घातलेलं नव्हतं. लळा लावायचा तो खाऊ घालूनच, दुसरी कुठली रीत त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. पण माझं डोकं फिरलेलं होतं.

"मग बसन तो तुमच्या तुपानं! अन् बसला तं उचलाले कोण येणार आहे इथं? गाव आहे का हे?"

बाबांनी ताट खाली ठेवलं. "उमरेडले धाडून दे त्याले. मोकळं रान आहे तिथं. जगन नाही तं मरन. पण खाऊन मरन."

"कुठं नाही जाणार तो."

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. बाबा आतल्या खोलीत दार लावून जेवायला लागले. गोऱ्हा त्या दाराला नाक लावून बसायचा आणि आतून भांड्याचा आवाज आला की शेपटी आपटायचा. ताट बाहेर यायचं तेव्हा त्यात निम्मं जेवण तसंच असायचं. कुत्र्याचं वजन थोडं उतरलं, बाबांचं त्याहून जास्त. मी जिंकत होते आणि मला रडायला येत होतं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सुजलेला असतो. तूप-हळद लावून, पळसाचं पान गरम करून तो शेकायचा, चोळायचा, आणि मग बैलाच्या कानाशी म्हणायचं की आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबांनी हे न चुकता केलेलं. शहरात आल्यापासून मात्र त्या दिवशी ते सकाळपासून गप्प असायचे.

त्या संध्याकाळी मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. मागच्या अंगणात चाहूल लागली म्हणून गेले तर गोऱ्हा चटईवर आडवा, बाबा त्याच्या कमरेशी मांडी घालून, आणि शेजारी वाटीत हळद घातलेलं तूप. बाबा त्याच्या मागच्या मांडीवर तळवा फिरवत होते. मांडी चोळायला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, आणि मी रोज सकाळी घाईघाईत दोन हात मारायचे, तेवढ्यात तो उठून जायचा. आता तो डोळे मिटून पडला होता. फक्त मधूनच मान वळवून मांडीवरचं तूप चाटून घेत होता.

"बाबा, तूप."

"लावून राहिलो, खाऊ नाही घालत."

"तो चाटून राहिला न."

बाबांनी पाहिलं. गोऱ्ह्यानं जिभेनं नाकही साफ केलं. बाबा एकदम हसले, कित्येक आठवड्यांनी. मी वाटी उचलून आत नेली आणि गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं आणून दिलं. ते त्यांनी निमूट घेतलं. मग शेकून, चोळून झाल्यावर त्याचा लोंबता कान वर केला आणि खुशाल म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दारात तशीच उभी राहिले. आवतन म्हणजे शब्द. जनावराला दिलेला शब्द माझे वडील मोडणार नाहीत, हे मला त्यांच्या पोटची म्हणून माहीत. उद्या त्याला पुरणपोळी घातल्याशिवाय ते राहणार नव्हते. एक पोळी, मग दुसरी, वर दूध-तूप. आणि एकदा दार उघडलं की ते परवाही उघडंच राहणार. ओरडून उपयोग नव्हता, ते मी करून पाहिलं होतं.

सकाळी मी लवकर उठले. त्याचं त्या दिवसाचं कोरडं खाणं तोललं, पाण्यात भिजवलं. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, उकडून त्यात कुस्करला. त्याचे चपटे गोळे थापले आणि तव्यावर तुपाशिवाय भाजले. रंग पुरणपोळीचा आला, वासाचं मी बोलत नाही. मग बाबांसाठी खरं पुरण घातलं. दोन ताटं केली आणि त्याचं ताट बाबांच्या हातात दिलं.

"हे काय आहे?"

"त्याचं जेवण."

बाबांनी तुकडा मोडून हुंगला. "यात पुरण कुठं आहे?"

"कोहळं आहे. तुमी आवतन देल्लं, मी सैपाक केला. वाढा आता."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. पण मी ताट परत घेतलं नाही. शेवटी ते वळले. गोऱ्ह्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि एक एक तुकडा स्वतःच्या हातानं भरवला. त्यानं ताट संपवलं, ताटाच्या खालची चटई चाटली आणि बाबांची बोटं चाटली.

"पाह्य याले," बाबा म्हणाले. "पुरण कोणतं अन् कोहळं कोणतं, काही कळत नाही येड्याले."

"हात तुमचा आहे हे कळते."

हे मी पूर्वी का बोलले नाही कुणास ठाऊक. त्या दुपारी बाबा ओट्यावर जेवले आणि ताट स्वच्छ केलं. आधी जनावर जेवलं होतं, आता ते जेवू शकत होते.

संध्याकाळी मी वजनाचा काटा त्यांच्यापुढे ठेवला. शून्य कसा करायचा ते दाखवलं. "उद्यापासून त्याच्या पोटात जाईन ते तुमच्याच हातानं. मी हात नाही लावणार. पण तोलून."

मला वाटलं होतं, लक्ष ठेवावं लागेल. पण दोन दिवसांत बाबा माझ्याहून कडक झाले. चार दाणे जास्त पडले तरी उचलून डब्यात टाकायचे. सकाळी आधी त्याचं जेवण, मग स्वतःचा चहा. चोळणंही त्यांनी आपल्याकडे घेतलं, फिरून आल्यावर आणि दिवे लागायच्या वेळी. काकू बिस्किट घेऊन आल्या की बाबा हात आडवा करून आपल्या हिंदीत सांगायचे, "आज इसका उपास है, बाई." सोमवार, चतुर्थी, एकादशी, शनिवार, गोऱ्ह्याला सगळे उपास. काकू बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, "कितना धार्मिक कुत्ता है." आणि बिस्किट परत घेऊन गेल्या. रस्त्यावर कुणी कुत्रा बारीक झाल्याचं म्हटलं की बाबा त्याला थांबवून कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवायला लावायचे आणि खाली मांडी दाखवायचे.

हे सगळं सरळ चढत गेलं असं कुणी समजू नये. दसऱ्याच्या सुमाराला एक मांजर आडवं गेलं आणि गोऱ्ह्यानं माझ्या हातातून दोरी सोडवून धूम ठोकली. त्यानंतर आठवडाभर पुन्हा लुगड्याचा पट्टा. एका संध्याकाळी तो चटईवरून उठेचना, तेव्हा बाबा त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याच्याशी असे रागावून बोलले की मीच आत निघून गेले. "उठ गा," ते म्हणत होते, "उठ. माह्याच्यानं नाही उचलत तू. उठ." थोड्या वेळानं रबरावर नखं घासल्याचा आवाज आला. मी बाहेर डोकावले तर दोघंही उभे होते आणि दोघंही भिंतीला टेकले होते. माझ्या डोळ्यांना धार लागली.

थंडी पडल्यावर पुन्हा एक्स-रे काढला. वाट्या तशाच उथळ, गोळे तसेच. माझा चेहरा पडला, कारण एवढ्या मेहनतीनं हाडात काही फरक पडेल अशी वेडी आशा मी मनात धरून होते. केमिस्ट्रीची बाई असून. डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवला आणि कुत्र्याला आवारात चालवायला सांगितलं. बाबांनी चालवलं. डावा, उजवा, डावा, उजवा. मग त्याला खाली बसवायला लावलं आणि दोरी सोडून लांबून हाक मारायला सांगितलं. बाबांनी हाक मारली. तो पुढचे पाय रोवून, मागचं धड वर घेऊन, जरा डुलून उठला आणि त्यांच्याकडे गेला. कुणी हात लावला नाही.

"हाडं तीच आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यांना धरून ठेवायला मांड्या आल्या. ऑपरेशनचं आत्ता नाव नको."

मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बाई," बाबांनी विचारलं, "हे किती दिवस करा लागन? चोळणं, तोलणं?"

"तो आहे तोपर्यंत, काका. सोडलं की मांड्या उतरतात."

ई-रिक्षात मी एकटीच बडबडत होते, आता गच्चीच्या जिन्याची फळी काढायची नाही, उन्हाळ्यात चटया ओल्या ठेवायच्या, असं काहीबाही. बाबा मधूनच मान डोलवायचे, पण त्यांचं लक्ष गोऱ्ह्याच्या पाठीवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे होतं. त्या हाताला अलीकडे कंप सुटायला लागला होता.

घरी आल्यावर त्यांनी मागच्या अंगणात चटई टाकली, फडकं गरम पाण्यात बुडवलं आणि गोऱ्ह्याला आडवं केलं. मी स्वयंपाकाला वळले तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"ये वं, बस इथं. शिकून घे."

"मले येते बाबा. मी करतच होती न आधी."

"तू पुसत होती. चोळत नव्हती." त्यांनी शेजारची जागा हातानं थोपटली. "हा जवान आहे. मी कुठवर पुरतो त्याले? बस."

काहीतरी बोलावं, तुम्हाला काय होतंय असं म्हणावं, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बोलण्याची गरज राहिली नाही. मी ओढणी कमरेला खोचली आणि खाली बसले. त्यांनी माझा हात गोऱ्ह्याच्या मांडीवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला, थरथरता पण जड.

"बोटं नको. तळवा. दाब."

मी दाबलं.

"अजून," बाबा म्हणाले.